क्वीन मेरीच्या तळाशी

क्वीन मेरी या बोटीवरच्या पहिल्या वर्गाच्या जुन्या केबिनांमध्ये न्हाणीघरातल्या टबाला चार प्रकारच्या पाण्याची सोय होती: गोडं गरम, गोडं गार, खारं गरम आणि खारं गार. नळांच्या मुठींवरची ती अक्षरं अजून वाचता येतात. खारं पाणी आता येत नाही, पण मूठ हातात धरली की त्या काळाचा सगळा हिशेब समोर येतो. भर अटलांटिकमध्ये गोडं पाणी जपून वापरायचं असे, खारं मात्र हवं तेवढं. समुद्रस्नान प्रकृतीला चांगलं अशी तेव्हाच्या श्रीमंतांची समजूत, म्हणून समुद्र आत ओढून, तापवून, नळाने थेट त्यांच्या टबापर्यंत पोचवलेला.

संपादकांना खरं तर क्रूझवर लेख हवा होता. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला लाँग बीच नावाचं बंदराचं शहर आहे. तिथे क्वीन मेरी हॉटेल म्हणून कायमची बांधून ठेवलेली आहे आणि तिच्या अगदी शेजारी, एका प्रचंड पांढऱ्या घुमटात, कार्निव्हल कंपनीचं क्रूझ टर्मिनल आहे. मेक्सिकोच्या किनाऱ्याला जाणाऱ्या बोटी तिथून सुटतात. आदल्या रात्रीचा मुक्काम विमानतळाजवळ करण्यापेक्षा इथे करावा, म्हणून मी खोली घेतली. सकाळी पोर्टहोलमधून कार्निव्हल पॅनोरमा दिसली. १,३३,५०० टनांची, एकावर एक बाल्कन्यांचे मजले चढवलेली. क्वीन मेरी ८१,००० टनांची. लांबीत दोघींत फारसा फरक नाही, एक ३२३ मीटर आणि दुसरी ३१०. पण एक सुट्टी घालवण्यासाठी बांधलेली आणि दुसरी पोचण्यासाठी. हिवाळ्यातला उत्तर अटलांटिक वेळापत्रक न चुकवता ओलांडणं हे लायनरचं काम. क्वीन मेरीचं लांब नाक, पाण्यात खोल बसलेलं अंग आणि जाड पोलादी पत्रे हे सगळं त्यासाठीच. क्रूझचा लेख मी वेगळा लिहीन. इथे मला या बोटीबद्दलच बोलायचं आहे.

तिची अधिकृत कहाणी जागोजागी फलकांवर लिहिलेली आहे. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन गोदीत १९३० च्या अखेरीस ५३४ क्रमांकाची बोट म्हणून काम सुरू झालं. वर्षभरात मंदीने ते थांबवलं आणि गंजत चाललेला सांगाडा दोन वर्षांहून जास्त काळ गोदीत तसाच उभा राहिला. अखेर सरकारने कर्ज दिलं, क्युनार्ड आणि व्हाइट स्टार या दोन कंपन्यांनी एकत्र यावं या अटीवर. १९३४ च्या सप्टेंबरात बोट पाण्यात उतरली, २७ मे १९३६ ला साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला पहिल्यांदा निघाली आणि त्याच ऑगस्टमध्ये चार दिवसांच्या आत अटलांटिक ओलांडून तिने वेगाचा मान मिळवला. वेगामागे हौसेपेक्षा गणित मोठं होतं. दोन्ही बाजूंनी दर आठवड्याला एक बोट सोडायची तर पूर्वी तीन बोटी लागत. २८ नॉटच्या पुढे सातत्याने धावणाऱ्या दोन बोटी असतील, तर तेच काम दोघींत भागतं. क्वीन मेरी आणि तिच्या मागून आलेली क्वीन एलिझाबेथ ही ती जोडी.

युद्धात तिला करडा रंग फासून सैनिक नेण्यासाठी घेतलं. जुलै १९४३ मध्ये एका फेरीत १६,६८३ माणसं तिच्यावर होती. त्याच्या आदल्या वर्षी, २ ऑक्टोबर १९४२ ला, आयर्लंडच्या उत्तरेला तिने सोबतीच्या क्युरासोआ या ब्रिटिश युद्धनौकेला मधोमध कापलं. पाणबुड्यांच्या भीतीने थांबायचं नाही असा हुकूम होता, म्हणून ती बुडणाऱ्यांना मागे टाकून पुढे गेली. तीनशेहून अधिक खलाशी मेले. फलकावर हे दोन ओळींत उरकलं आहे. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो.

बोटीवर सगळ्यात आधी मनात भरतं ते लाकूड. ब्रिटिश साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आणलेल्या ५६ जातींच्या लाकडांचे पातळ पापुद्रे भिंतींवर चढवलेले आहेत. केबिनकडे जाणाऱ्या लांबलचक वाटेत आणखी एक गोष्ट लक्षात येते. जमीन सरळ नाही. मधून दोन्ही टोकांकडे ती हलकेच चढत जाते, इतकी की लांबवर चालणाऱ्या माणसाचं डोकं आधी दिसेनासं होतं का, असं वाटतं. लाटेवर नाक आणि पिछाडी उंच राहावीत म्हणून डेकला दिलेला तो बाक आहे. हॉटेलवाल्यांनी गालिचे घातले, दिवे बदलले, पण हा बाक त्यांना झाकता आलेला नाही.

पहिल्या वर्गाच्या जुन्या भोजनगृहात, आता जिथे समारंभ होतात तिथे, मॅकडॉनल्ड गिल या चित्रकाराने केलेला उत्तर अटलांटिकचा भिंतभर नकाशा आहे. त्यावर दोन मार्ग आखलेले, उन्हाळ्याचा उत्तरेकडून आणि हिमनगांच्या दिवसांतला दक्षिणेकडून. त्या मार्गावरून स्फटिकाची एक छोटी बोट यंत्राने पुढे सरकत असे, म्हणजे जेवता जेवता प्रवाशांना आपण कुठवर आलो ते कळे.

मी मात्र रमलो ते खाली. मागच्या इंजिनघरात अजून टर्बाइनं आहेत, वाफेच्या जाड नळ्या आहेत, माणसाच्या छातीएवढी हाताने फिरवायची चाकं आहेत, आणि एकेकाळी किती दाब, किती फेरे ते दाखवणाऱ्या तबकड्या आहेत. चार प्रोपेलरांना मिळून १,६०,००० अश्वशक्ती पुरवणाऱ्या यंत्रणेचा हा मागचा अर्धा भाग. पुढचं इंजिनघर नाही. बॉयलरही नाहीत, एकूण २७ होते. १९६७ मध्ये लाँग बीच शहराने किनाऱ्याजवळच्या तेलाच्या उत्पन्नातून ३४.५ लाख डॉलर मोजून बोट विकत घेतली आणि आतून पोखरून तिथे दालनं केली. बॉयलर वर काढण्यासाठी धुराडी उतरवली, तर ती इतकी गंजलेली निघाली की त्यांच्या जागी नवी बसवावी लागली. आपण बाहेरून जी तीन लाल धुराडी बघतो ती मूळची नव्हेत. १९७१ मध्ये बोट लोकांसाठी खुली झाली, पुढच्या वर्षी हॉटेल सुरू झालं.

इंजिनघराच्या पलीकडे एक छोटा दरवाजा आहे. तिथे बोटीचं अंग कापून बाहेरच्या बाजूला पोलादी पेटी जोडली आहे, आणि पेटीत, हिरवट पाण्याखाली, चारांपैकी जागेवर उरलेला एकमेव प्रोपेलर आहे. सुमारे ३२ टनांचा कांस्याचा. वरच्या डेकवर गप्पा मारत हिंडणारे लोक इथे आल्यावर आपोआप गप्प होतात. वर असतो तेव्हा आपण हॉटेलात असतो. इथे समुद्र हाताच्या अंतरावर आहे आणि त्याला अडवणारा पत्रा १९३० च्या दशकातला आहे, हे पहिल्यांदा नीट कळतं.

माझी काळजी तिथे सुरू झाली. धावती बोट ठराविक काळाने सुक्या गोदीत जाते, तिचा तळ कोरडा होतो, खरवडला जातो, पत्रे तपासून बदलले जातात. क्वीन मेरी डिसेंबर १९६७ मध्ये इथे आली त्यानंतरच्या दुरुस्त्या संपल्यावर एकदाही बाहेर गेलेली नाही. तिच्याभोवती दगडांचा बांध आहे. शांत पाणी मिळालं, लाटांचा मार थांबला. पण त्याबरोबर तळाची देखभालही थांबली. रिव्हेटांनी जोडलेलं, आतून मोकळं केलेलं, खाऱ्या पाण्यात अर्धं बुडालेलं एवढं पोलाद वरून रंग लावून टिकत नाही.

कारभारही धड राहिला नाही. चालवणाऱ्या कंपन्या बदलत गेल्या, त्यांत काही वर्षं डिस्नेही होती. पाहुण्याला दिसेल तिथे पैसा लागला, दिसणार नाही तिथे लागला नाही. २०१७ मध्ये बाहेर आलेल्या तज्ज्ञांच्या अहवालात दुरुस्तीचा खर्च २३.५ ते २८.९ कोटी डॉलर सांगितला होता आणि त्यातली बरीचशी कामं तातडीची होती. शहराने आधीच २.३ कोटी डॉलर दिले होते. ते संपले, कामं अर्धवट राहिली, आणि २०२१ मध्ये चालवणारी कंपनी दिवाळखोरीत जाऊन बोट पुन्हा शहराच्या गळ्यात आली. त्याच वर्षीच्या पाहणीत म्हटलं होतं की पुढच्या दोन वर्षांत आणखी २.३ कोटींची निकडीची दुरुस्ती झाली नाही तर बोटीत पाणी शिरून ती कलंडण्याचा धोका आहे.

आपल्याकडे हे ज्यांनी बघितलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. विमानवाहू नौका विक्रांत १९९७ मध्ये नौदलातून निवृत्त झाली, मुंबईत तिचं संग्रहालय झालं, २०१२ मध्ये धोकादायक म्हणून बंद झालं आणि २०१४ मध्ये भंगारात विकून दारूखान्यात तिचे तुकडे केले. पैसे कोणी द्यायचे यावर वर्षानुवर्षं बैठका झाल्या आणि तोवर समुद्राने आपलं काम केलं. लाँग बीच त्याच वाटेवर होतं.

ते तिथून वळलं, निदान तूर्त. महासाथीत २०२० पासून बंद असलेलं हॉटेल उघडण्याआधी शहराने तळाचं पाणी उपसणारे पंप, पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ न देणाऱ्या आडभिंती आणि संकटकाळचा जनरेटर यांची कामं हातात घेतली. डेकच्या कडांना लटकणाऱ्या बावीस जीवनरक्षक होड्यांपैकी बहुतेक काढून टाकल्या, कारण त्यांचं वजन बोटीच्या अंगावर ताण आणत होतं. त्या गेल्याने ती उघडीबोडकी दिसते, अशी तक्रार तिच्या चाहत्यांनी केली. मला उलट हे पहिलं शहाणपणाचं काम वाटलं. दिसणारं काढून न दिसणारं वाचवण्याचं. २०२३ मध्ये पाहुणे परत आले.

पण मोठं काम पुढेच आहे. शंभर वर्षं टिकवायची तर ती सुक्या गोदीत न्यावी लागेल, आणि त्याचा अंदाज २० ते ५० कोटी डॉलरांचा आहे. एवढी जुनी बोट ओढून नेतानाच काही झालं तर, ही भीती वेगळी. मोडीत काढायची म्हटली तरी दहा कोटींहून अधिक लागतील, म्हणजे सोडून देणंही फुकट नाही. खोल्यांच्या भाड्यातून रोजचा खर्च निघेल, तळ नवा होणार नाही. म्हणून माझी एक विनंती आहे. त्या बाजूने क्रूझला जाणार असाल तर एक रात्र इथे काढा आणि वरच्या बारपेक्षा जास्त वेळ खाली घालवा. इंजिनघराचं तिकीट काढा. तिथे किती माणसं येतात हे शहराला आकड्यांत दिसतं, आणि पुढच्या वेळी पैसे गालिच्याला द्यायचे की पत्र्याला, हा प्रश्न येईल तेव्हा तो आकडा पत्र्याच्या बाजूला असायला हवा.