अर्धस्वयंचलित रायफलीतील पुंगळी निष्कासन

पुंगळी निष्कासन म्हणजे गोळी सुटल्यानंतर काडतुसाचे उरलेले रिकामे आवरण, अर्थात पुंगळी, रायफलीच्या चेंबरमधून ओढून बाहेर फेकण्याची क्रिया होय. साध्या बोल्ट रायफलीत हे काम नेमबाज हाताने करतो. अर्धस्वयंचलित रायफलीत तेच काम काडतुसातील दारूच्या ज्वलनातून मिळणाऱ्या शक्तीवर आपोआप होते. मात्र प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने दाबावा लागतो. भारतात या प्रकारची सर्वाधिक परिचित रायफल म्हणजे ७.६२ मिमी १ए१ सेल्फ लोडिंग रायफल. पोलीस आणि निमलष्करी दलांत ती 'एसएलआर' या नावानेच ओळखली जाते. पश्चिम बंगालमधील इछापूर येथील रायफल कारखान्यात १९६० च्या दशकापासून तिचे उत्पादन झाले. तिचा मूळ आराखडा बेल्जियमच्या एफएन कंपनीतील द्यूदोने सेव्ह यांनी रचलेल्या एफएएल या रायफलीचा आहे.

मराठवाड्यात नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत शस्त्रप्रशिक्षणाच्या अनेक संस्था आहेत. नांदेड जिल्ह्यात मुदखेड येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण महाविद्यालय आहे. लातूर जिल्ह्यात चाकूर येथे सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र, तर लातूर शहरालगत बाभळगाव येथे राज्य पोलिसांचे प्रशिक्षण केंद्र आहे. शेजारच्या हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. शेतकरी कुटुंबांतून भरती झालेल्या अनेक तरुण-तरुणींच्या हाती खरी रायफल प्रथम येते ती अशा केंद्रांच्या गोळीबार मैदानावर, जुन्या भाषेत चांदमारीवर. गोळी लक्ष्यावर लागली की नाही हे नवख्या जवानाला नंतर कळते. पुंगळी मात्र त्याच्या उजव्या डोळ्याच्या बाजूने त्याच क्षणी उडून गेलेली असते.

पुंगळीची रचना

७.६२ मिमी काडतुसाची पुंगळी ५१ मिमी लांब असते. ती पितळेची असते आणि त्या पितळेत साधारण ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. हे मिश्रण स्वस्त नाही, तरीही जगभर तेच वापरले जाते, कारण ते ताणले जाऊन पुन्हा आकसते. गोळी सुटताना चेंबरमधील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट होतो. त्या दाबाने पुंगळीची पातळ भिंत फुगून चेंबरच्या पोलादी भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे तप्त वायू मागे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकत नाही. गोळी नळीबाहेर पडून दाब उतरला की पितळ किंचित आकसते आणि पुंगळी सैल होते. पितळ असे आकसले नसते तर ती ओढून काढणे जवळपास अशक्य झाले असते.

पुंगळीच्या बुडाला सुमारे १२ मिमी व्यासाची कडा असून तिच्या पुढे गोलाकार खाच असते. एक्स्ट्रॅक्टर हा आकडा याच खाचेत अडकतो. जुन्या .३०३ काडतुसाची कडा पुंगळीच्या अंगापेक्षा रुंद होती. अशी काडतुसे मॅगझीनमध्ये एकमेकांच्या कडांना अडत असत, म्हणून स्वयंभरणाच्या शस्त्रांसाठी खाच असलेली, बाहेर न येणाऱ्या कडेची रचना अधिक सोयीची ठरली. बुडावरच कारखान्याची खूण ठोकलेली असते. महाराष्ट्रात अशी काडतुसे पुण्याजवळील खडकी (स्थापना १८६९) आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव (स्थापना १९६४) येथील कारखान्यांत तयार होतात. २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुणेस्थित सरकारी कंपनीकडे आहेत. खडकीच्या पुंगळीवरील 'केएफ' ही खूण जगभरच्या जुन्या पुंगळ्यांच्या संग्राहकांना ठाऊक आहे.

एसएलआरमधील क्रिया

चाप दाबल्यापासून पुढचे काडतूस चेंबरमध्ये जाईपर्यंतचा सारा व्यवहार सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आटोपतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे प्रशिक्षक ही क्रिया बनावट काडतुसे घालून, हाताने बोल्ट मागे-पुढे करून संथपणे दाखवतात.

गोळी नळीतून पुढे सरकत असताना नळीच्या वरच्या बाजूच्या एका लहान छिद्रावरून जाते. त्या क्षणी तिच्या मागच्या वायूचा थोडा भाग छिद्रातून वर शिरतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टन थोडेच अंतर जाऊन थांबतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुन्हा पुढे येतो, पण तेवढ्या टोल्याने बोल्ट कॅरिअरला मागे जाण्याची गती मिळालेली असते. कॅरिअर आरंभी एकटाच मागे सरकतो आणि बोल्ट अजून बंदच असतो. हा लहानसा उशीर हेतुपुरस्सर ठेवलेला असून गोळी नळीबाहेर पडून दाब उतरण्यास तो वेळ देतो. त्यानंतर कॅरिअरवरील उतार बोल्टची मागची बाजू वर उचलतो, बोल्ट आपल्या टेकणावरून सुटतो आणि कॅरिअरबरोबर मागे जाऊ लागतो.

बोल्टच्या तोंडाशी उजव्या अंगाला एक्स्ट्रॅक्टर असतो. तो पुंगळीच्या कडेला धरून तिला चेंबरबाहेर ओढतो. इजेक्टर मात्र बोल्टवर नसतो. तो रायफलीच्या अंगातच डाव्या बाजूला पक्का बसवलेला असतो आणि बोल्टला त्याच्यासाठी खोबण ठेवलेली असते. बोल्ट पुरेसा मागे आला की पुंगळीच्या बुडाची डावी कड या स्थिर इजेक्टरवर आदळते. उजवी कड एक्स्ट्रॅक्टरने धरलेलीच असते. डावीकडून अडवलेली आणि उजवीकडून ओढली जाणारी पुंगळी त्यामुळे एक्स्ट्रॅक्टरभोवती दारासारखी फिरते आणि उजवीकडच्या झरोक्यातून बाहेर भिरकावली जाते. पुंगळीला फेकणारी वेगळी स्प्रिंग येथे नाही. बोल्ट जितक्या वेगाने मागे येईल तितक्या जोराने पुंगळी उडते.

सर्वच रायफलींत ही रचना सारखी नसते. एके-४७ मध्येही इजेक्टर स्थिर असतो. अमेरिकी एम-१६ मध्ये मात्र बोल्टच्या तोंडातच स्प्रिंगवरची छोटी खुंटी असते. ती पुंगळीला सतत एका बाजूने रेटत असते आणि वाट मोकळी होताच बाहेर ढकलते. त्यामुळे बोल्ट हळू ओढला तरी पुंगळी बाहेर पडते. स्थिर इजेक्टरची रायफल अशी हळू उघडली, तर पुंगळी नुसती कलंडून झरोक्यात घुटमळते. एसएलआर हाताने रिकामी करताना कॉकिंग हँडल झटक्याने मागे ओढावा, असे जवानांना सांगितले जाते त्याचे हेही एक कारण आहे.

बोल्ट कॅरिअर पुढे मागे जात घोडा चढवतो आणि दस्त्यातील स्प्रिंग दाबतो. तीच स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे लोटते. जाताना बोल्ट २० काडतुसांच्या मॅगझीनमधून वरचे काडतूस चेंबरमध्ये सारतो. चाप दाबलेलाच असेल तर घोडा अडकून राहतो. चाप सोडून पुन्हा दाबल्याशिवाय दुसरी गोळी सुटत नाही. 'अर्धस्वयंचलित' या शब्दातील 'अर्ध' एवढ्यापुरतेच आहे, कारण पुंगळी फेकणे आणि काडतूस भरणे पूर्णपणे स्वयंचलित असते.

वायूचे नियमन

एसएलआरच्या पिस्टनला किती वायू मिळावा हे नळीवरील गॅस रेग्युलेटर फिरवून ठरवता येते. रेग्युलेटर वायू कमी घेत नाही, तर जादा वायूला बाहेर जाण्याची वाट लहानमोठी करतो. वाट फार मोठी ठेवली तर बोल्ट अर्ध्यातूनच परततो. मग पुंगळी जवळच पडते, अडकते किंवा पुढचे काडतूस उचललेच जात नाही. वाट फार लहान ठेवली तर बोल्ट मागच्या टोकावर जोराने आपटतो आणि पुंगळी दूर भिरकावली जाते. नेमबाजाला हे सोयीचे वाटते, पण रायफलीचे भाग त्याने लवकर झिजतात. योग्य मांडणी म्हणजे रायफल विनाअडथळा चालेल एवढाच वायू आणि त्यावर थोडी शिल्लक. अनुभवी शस्त्रप्रशिक्षक (उस्ताद) पुंगळ्या कोठे पडतात हे पाहूनच रायफलीच्या पोटात काय चालले आहे याचा अंदाज बांधतात.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि कोरड्या काळ्या मातीची बारीक धूळ सर्वत्र शिरते. तेल अधिक लावलेल्या रायफलीत ही धूळ आणि दारूची काजळी मिळून चिकट लगदा होतो. त्यामुळे बोल्टची गती मंदावते, तर चेंबरमधील घाण पुंगळीला धरून ठेवते.

अडथळे आणि इजा

पुंगळी चेंबरमध्येच राहणे आणि बाहेर निघूनही झरोक्यात अडकणे हे दोन वेगळे दोष आहेत. पहिल्याला घाणेरडे चेंबर किंवा झिजलेला एक्स्ट्रॅक्टर कारण असतो, तर दुसऱ्याला बहुधा अपुरा वायू. पहिल्या प्रकारात बोल्ट नवे काडतूस अडकलेल्या पुंगळीच्या बुडावर नेऊन आदळवतो. अशा वेळी घाईने झटापट करणाऱ्या जवानाची रायफल लक्ष्याकडून बाजूला वळण्याचा धोका असतो. म्हणून अडथळ्याचे निवारण ('फौरी इलाज') कवायतीसारखे घोटून घेतले जाते. नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवायचे, हँडल मागे ओढून धरायचा, आत पाहायचे आणि कारण दिसल्यावरच पुढे जायचे, हा त्याचा क्रम आहे.

बाहेर पडणारी पुंगळी कातडी भाजेल इतकी गरम असते. रांगेत नेमबाज आडवे पडलेले असताना डावीकडच्या रायफलीची पुंगळी उजवीकडच्या शेजाऱ्याच्या दिशेने येते. ती कॉलरमधून पाठीत शिरली तर माणूस दचकून उठतो, आणि त्या क्षणी त्याच्या हातातील रायफल भरलेली असते. खरा धोका भाजण्याचा नसून या दचकण्याचा आहे. गळ्याचे बटण लावणे, बाह्या खाली ठेवणे आणि नेमबाजांत पुरेसे अंतर सोडणे हे नियम यासाठीच आहेत. नवख्यांना ते केवळ शिस्तीचे वाटतात. डावखुऱ्या नेमबाजाची अडचण निराळी. त्याचा चेहरा झरोक्याच्या बाजूलाच येतो. क्रीडा नेमबाजीत २५ मीटर पिस्तूल प्रकारात स्पर्धकांमध्ये पडदे लावतात ते उडत्या पुंगळ्या अडवण्यासाठी. कोल्हापूरचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात मात्र हा प्रश्न येत नाही. तेथील पुंगळी नेमबाज स्वतःच्या हाताने बोल्ट ओढून काढतो.

कोरी काडतुसे

शासकीय इतमामातील अंत्यसंस्कारात किंवा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी (१७ सप्टेंबर) हुतात्म्यांना मानवंदना देताना पोलीस हवेत फैरी झाडतात. या काडतुसांत गोळी नसते, त्यामुळे नळीत अडवणूक होत नाही आणि पिस्टन चालवण्याइतका दाब साठत नाही. नळीच्या तोंडावर खास जोड बसवला नसेल तर एसएलआर अशा वेळी बोल्ट रायफलीसारखीच वागते. प्रत्येक फैरीनंतर जवान डाव्या हाताने हँडल ओढतात आणि पुंगळ्या एकदम खाली पडतात, हे उपस्थितांना दिसते ते यामुळे.

मोजदाद आणि पुरावा

सरावानंतर पुंगळ्या वेचून मोजल्या जातात. दिलेली काडतुसे ही परत आलेल्या जिवंत काडतुसांच्या आणि पुंगळ्यांच्या बेरजेइतकी भरली पाहिजेत. मैदान सोडण्यापूर्वी आपल्यापाशी जिवंत काडतूस वा रिकामी पुंगळी नाही, असे प्रत्येकाला जाहीरपणे सांगावे लागते. एखादी पुंगळी कमी आली तर सगळी तुकडी गवतात आणि ढेकळांत शोध घेत राहते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांत ती गेली असेल तर हा शोध लांबतो. पितळेची किंमत हे या काटेकोरपणाचे दुय्यम कारण आहे. मुख्य कारण असे की एका पुंगळीचा हिशोब लागला नाही, तर एक जिवंत काडतूस बाहेर गेले नाही, हे सिद्ध करता येत नाही.

निष्कासनाच्या क्रियेत पुंगळीवर खुणा उमटतात. फायरिंग पिनचा खळगा, बोल्टच्या तोंडाचे ओरखडे, एक्स्ट्रॅक्टरने धरल्याची खूण आणि इजेक्टरवर आदळल्याचा ठसा सूक्ष्मदर्शकाखाली तुलना करून पाहता येतो. महाराष्ट्रात अशी तपासणी मुंबईतील कालिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होते. एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर यांच्या ठशांची परस्पर जागा पाहून अनेकदा शस्त्राचा प्रकार ओळखता येतो. पुंगळी गोळी न झाडता नुसती चेंबरमध्ये घालून काढली तरी एक्स्ट्रॅक्टरची खूण उमटू शकते, त्यामुळे केवळ त्या खुणेवरून गोळी झाडल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी पिनचा खळगाही पाहावा लागतो.