अल्प उत्पन्न गटातील घरभाडे आणि प्राप्तिकर विवरणपत्र : म्हसवड शहराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा :
उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर घरभाडे कोठेही दाखविण्याची गरज नाही, असा समज निमशहरी भागात सर्रास आढळतो. कर देय असणे, विवरणपत्र भरणे बंधनकारक असणे आणि ते भरणे हिताचे असणे या तीन वेगळ्या बाबी आहेत. त्यांच्याही आधी, भाडे कायद्याच्या दृष्टीने कोणाचे उत्पन्न आहे, हा प्रश्न येतो. प्रस्तुत लेखात या चार प्रश्नांची उकल केली आहे.

बीजसंज्ञा : घरभाडे, वार्षिक मूल्य, प्रमाणित वजावट, सहमालकी, उद्गम करकपात, परतावा.

प्रस्तावना :
सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा कायम अवर्षणप्रवण प्रदेश म्हणून ओळखला जातो. शेतीचा भरवसा नसल्याने येथील अनेक कुटुंबांनी नोकरी-व्यवसायानिमित्त परगाव गाठले आणि साठविलेल्या पैशातून गावी घर किंवा गाळा बांधला. सातारा-पंढरपूर मार्गावरील म्हसवड हे नगरपरिषद असलेले बाजाराचे गाव. श्री सिद्धनाथाच्या यात्रेमुळेही येथे मोठी वर्दळ असते. अशा गावात गाळ्याचे भाडे हा अनेक वृद्धांचा, विधवा स्त्रियांचा आणि तासिका तत्त्वावर अध्यापन करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांचा आधार असतो. रक्कम मोठी नसल्यामुळे तिचा हिशेब ठेवला जात नाही, आणि हिशेब नसल्यामुळे हक्काचा पैसाही हातचा जातो.

लेखाची उद्दिष्टे :
१) घरभाड्याचे करपात्र उत्पन्न काढण्याची रीत स्पष्ट करणे.
२) विवरणपत्र केव्हा बंधनकारक ठरते हे सांगणे.
३) वारसाहक्काने आलेल्या मिळकतीच्या भाड्याचे उत्पन्न कोणाचे, याचे विवेचन करणे.

अभ्यास पद्धती :
प्रस्तुत लेख वर्णनात्मक स्वरूपाचा असून कायद्यातील तरतुदींवर आधारलेला आहे. आकडेमोड आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी लागू असलेल्या प्राप्तिकर अधिनियम १९६१ मधील नव्या करप्रणालीनुसार केली आहे. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम २०२५ अमलात आला असला, तरी घरमिळकतीच्या उत्पन्नाची मूळ रीत त्यातही कायम आहे. लेखातील उदाहरणे काल्पनिक आहेत.

भाडे आणि उत्पन्न यांतील फरक :
हाती आलेले भाडे म्हणजे करपात्र उत्पन्न नव्हे. निवासी घर असो वा दुकानाचा गाळा, मालकाला मिळणारे भाडे ‘घरमिळकतीपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली येते. मोकळ्या जागेचे भाडे मात्र ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ ठरते व त्याला पुढील प्रमाणित वजावट मिळत नाही. वाड्याच्या एका भागात मालक राहत असेल तर केवळ भाड्याने दिलेल्या भागाचा हिशेब करावयाचा असतो.

या हिशेबाच्या दोन पायऱ्या आहेत. प्रथम वार्षिक भाड्यातून घरपट्टी वजा करावी. ती मालकाने स्वतः आणि त्याच वर्षी प्रत्यक्ष भरलेली असली पाहिजे. थकीत घरपट्टीची वजावट मिळत नाही. उरलेल्या रकमेतून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. दुरुस्तीवर एक रुपयाही खर्च झाला नसला तरी ती मिळते, आणि खर्च त्याहून अधिक झाला तरी ती वाढत नाही. मिळकतीसाठी कर्ज घेतले असल्यास त्याचे व्याजही वजा होते. मात्र त्यातून निर्माण झालेला तोटा नव्या प्रणालीत वेतनासारख्या अन्य शीर्षांतून वळता करता येत नाही. भाडेकरूकडून घेतलेली परत करावयाची अनामत रक्कम हे उत्पन्न नव्हे.

विवरणपत्र केव्हा बंधनकारक?
नव्या प्रणालीत करमुक्त मर्यादा ४ लाख रुपये आहे. वरील वजावटी घेतल्यानंतरचे एकूण उत्पन्न या मर्यादेपेक्षा अधिक असेल तर विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. आपल्याकडे सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो तो कलम ८७-अ खालील सवलतीमुळे. ही सवलत कर माफ करते, विवरणपत्र माफ करीत नाही. म्हणजेच ४ ते १२ लाखांच्या दरम्यान घरभाडे, वेतन, व्याज असे सर्वसाधारण उत्पन्न असणाऱ्याने कर शून्य असूनही विवरणपत्र भरावयाचे असते.

मर्यादेच्या आत उत्पन्न असूनही ते भरावे लागण्याचे काही प्रसंग आहेत. उदाहरणार्थ, वर्षभरात २५ हजार रुपये (ज्येष्ठ नागरिकांसाठी ५० हजार रुपये) किंवा अधिक उद्गम करकपात झाली असेल, अथवा वीजबिलापोटी १ लाखाहून अधिक खर्च झाला असेल, तर विवरणपत्र आवश्यक ठरते.

एका इमारतीचे उदाहरण :
समजा, मुख्य रस्त्यावरील एक इमारत बँकेच्या शाखेला दरमहा ५५,००० रुपये भाड्याने दिली आहे. वार्षिक भाडे ६,६०,००० रुपये. भरलेली घरपट्टी ३०,००० रुपये वजा जाता ६,३०,००० रुपये उरतात. त्यावरील ३० टक्के म्हणजे १,८९,००० रुपये वजा केल्यास करपात्र उत्पन्न ४,४१,००० रुपये होते. भाडे दरमहा ५० हजारांहून अधिक असल्याने बँक १० टक्के दराने ६६,००० रुपये कापून घेईल. मालकाला दुसरे उत्पन्न नाही असे धरल्यास त्याचा कर २,०५० रुपये होतो व सवलतीमुळे तोही शून्य होतो. विवरणपत्र भरल्यास कापलेले ६६,००० रुपये परत मिळतात. न भरल्यास कायद्याचा भंग तर होतोच, शिवाय सुमारे सव्वा महिन्याचे भाडे सरकारजमा राहते.

आता मालक मृत्युपत्र न करता निवर्तले, मिळकत त्यांची स्वकष्टार्जित होती आणि मागे पत्नी, दोन मुले व एक मुलगी आहे असे मानू. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार चौघांचा वाटा समान, म्हणजे एक चतुर्थांश होतो. सहमालकांचे हिस्से निश्चित असतील तर प्रत्येकाच्या वाट्याचे उत्पन्न त्याच्याच नावे धरले जाते, असे १९६१ च्या अधिनियमातील कलम २६ सांगते. प्रत्येकाचे उत्पन्न १,१०,२५० रुपये. मासिक भाडेही माणशी १३,७५० रुपयेच असल्याने करकपातीचा प्रश्न उरत नाही, कारण ती मर्यादा प्रत्येक सहमालकास स्वतंत्रपणे लागू होते.

व्यवहारात मात्र पुष्कळदा वारसनोंद रखडते, भाडेकरार थोरल्या मुलाच्या नावे होतो आणि सारे भाडे व सारी करकपात त्याच्याच पॅन क्रमांकावर दिसते. हा मुलगा तासिका तत्त्वावर शिकवीत असून त्याचे वेतन वर्षाला २,४०,००० रुपये आहे असे धरू. वेतनावरील ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाता १,६५,००० रुपये राहतात. योग्य हिश्शाने त्याचे एकूण उत्पन्न २,७५,२५० रुपये व्हावयास हवे. नोंदीप्रमाणे ते ६,०६,००० रुपये दिसते.

कर दोन्ही हिशेबांत शून्यच येतो, म्हणून हा भेद दुर्लक्षिला जातो. परंतु यात बहिणीचा हिस्सा कागदावरून नाहीसा होतो आणि आईचे उत्पन्न मुलाचे म्हणून नोंदले जाते. कायद्याच्या दृष्टीने भाडे कोणाच्या हाती पडले याहून मिळकत कोणाची आहे हे महत्त्वाचे असते. ज्या म्हसवडमध्ये १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, तेथे स्त्रीच्या नावाचे पासबुक ही नवलाची गोष्ट नाही. तिच्या हिश्शाचे भाडे तिच्याच खात्यात जमा होणे ही त्यापुढची स्वाभाविक पायरी होय.

शेतीचे उत्पन्न :
शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने ४ लाखांच्या मर्यादेसाठी ते मोजले जात नाही. तथापि ते ५ हजारांहून अधिक असेल तर ‘सहज’ हे सोपे विवरणपत्र वापरता येत नाही. व्यवसायाचे उत्पन्न नसणाऱ्यांनी अशा वेळी विवरणपत्र क्रमांक २ वापरावे.

निष्कर्ष :
१) उत्पन्न अल्प आहे की नाही हे भाड्याच्या रकमेवरून न ठरविता वजावटीनंतरच्या आकड्यावरून ठरवावे.
२) कर शून्य असणे आणि विवरणपत्र अनावश्यक असणे या भिन्न गोष्टी आहेत.
३) विवरणपत्र न भरल्याची सर्वाधिक झळ ज्याचा कर कापला गेला आहे अशा अल्प उत्पन्नधारकासच बसते.

सूचना :
भाडे शक्यतो बँकेमार्फत घ्यावे व घरपट्टीच्या पावत्या वर्षवार जपाव्यात. वारसनोंद पूर्ण करून भाडेकरारात सर्व सहमालकांची नावे व हिस्से नमूद करावेत. विवरणपत्रापूर्वी वार्षिक माहिती विवरण तपासावे. परताव्याचा दावा असल्यास मुदत पाळावी, कारण नंतर भरता येणाऱ्या अद्ययावत विवरणपत्राद्वारे परतावा मागता येत नाही. वाणिज्य विभागांनी जून-जुलै महिन्यांत विद्यार्थ्यांच्या साहाय्याने मार्गदर्शन केंद्र चालविल्यास गावातील वृद्धांची सोय होईल आणि विद्यार्थ्यांना पुस्तकातील कलमांचा प्रत्यक्ष उपयोग कळेल.