वीस वर्षे, बावीस वर्षे

कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर, मल्लिक बझारच्या अलीकडे, एका उंच भिंतीआड साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी आहे. आज सेंट जॉन्स चर्च उभे आहे त्या आवारातली जुनी जागा कंपनीच्या गोऱ्या माणसांना अपुरी पडू लागली, तेव्हा १७६७ मध्ये गावाबाहेर ही नवी जागा घेण्यात आली. चर्चच्या आवारापासून दूर, स्वतंत्र दफनभूमी ही कल्पना युरोपातही तेव्हा रुळलेली नव्हती. पॅरिसची प्रसिद्ध पेर लाशेज दफनभूमी १८०४ मध्ये, म्हणजे हिच्यानंतर ३७ वर्षांनी सुरू झाली. इकडे येणारा रस्ता आधी बरियल ग्राउंड रोड म्हणूनच ओळखला जाई. पुढे सरन्यायाधीश एलिजा इम्पी यांच्या हरणांच्या बागेवरून तो पार्क स्ट्रीट झाला.

‘गावाबाहेर’ म्हणजे कुठे, या प्रश्नाचे उत्तर मराठी वाचकाच्या ओळखीचे निघते. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांनी १७४२ मध्ये बंगालवर स्वारी केली. तिच्या धास्तीने कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला गेला. मराठी फौज शहरापर्यंत आलीच नाही आणि खंदकही अर्धवट राहिला, पण ‘मराठा डिच’ हे नाव टिकले. याच खंदकाच्या रेषेवर पुढे सर्क्युलर रोड झाला. त्याच्या दक्षिणेकडच्या भागाचे आजचे नाव आचार्य जगदीशचंद्र बोस रोड. तो या दफनभूमीच्या अगदी जवळून जातो. बंगालीत ‘बर्गी’ म्हणून ज्यांची भीती अंगाईगीतात उरली, ते आपले बारगीर.

फाटकातून आत गेल्यावर वाटाड्या बहुधा मधल्या वाटेने पुढे नेतो. दोन्ही हातांना मोठमोठे सुळके, पिरॅमिड, खांबांवर तोललेले घुमट, ग्रीक देवळांसारखे मंडप. गर्द झाडांमुळे भरदुपारीही ऊन जमिनीवर कवडशांपुरतेच उतरते. लांबून सगळे दगडी वाटते, पण पोपडा उडालेल्या जागी आतली वीट दिसते. बंगाल गाळाचा प्रदेश, तिथे दगड दुर्मीळ. म्हणून विटांचे बांधकाम करून त्यावर चुन्याचा गिलावा चढवलेला आहे. मोठ्या कबरी बांधण्याची हौस मात्र सुरतेपासूनची. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार राखणारा जॉर्ज ऑक्झेंडन तिथेच पुरला गेला, आणि त्याची कबर एखाद्या मोगल उमरावाला शोभेल अशी आहे.

इथल्या फेरीत डोळे आधी उंचीकडे जातात. मात्र खरे वाचायचे असते ते वय. कोरलेल्या पाटीवर नावाखाली वर्षे दिसतात, आणि ती फार थोडी असतात. कॉलरा, हिवताप, हगवण, बाळंतपण. विलायतेतून आलेले कारकून, लष्करी अधिकारी, त्यांच्या बायका आणि तान्ही मुले असे इथे दाटीने निजलेले आहेत. मुंबईतल्या इंग्रजांमध्येही सतराव्या शतकात अशी म्हण होती, की नव्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे. एवढ्या भव्य बांधकामांखाली इतकी कोवळी माणसे आहेत, हे पाट्या वाचत गेल्याशिवाय उमगत नाही.

पीळ दिलेल्या शंकूसारखी दिसणारी एक कबर रोज एल्मर या तरुणीची आहे. १८०० साली ती गेली तेव्हा वीस वर्षांची होती. इंग्रज कवी वॉल्टर सॅव्हेज लँडर याने तिच्यावर केलेली छोटीशी कविता इंग्रजीत अजून वाचली जाते.

सर्वांत उंच सुळका सर विल्यम जोन्स यांचा. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून आलेल्या या माणसाने १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी स्थापन केली, १७८६ च्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एकच असावे असे मांडले, आणि १७८९ मध्ये कालिदासाचे ‘शाकुंतल’ इंग्रजीत नेले. १७९४ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी ते वारले. त्यांची सोसायटी आजही याच रस्त्यावर, एक क्रमांकाच्या जागेत आहे. ती पाहून मग इकडे चालत येणे हा या भेटीचा उत्तम क्रम होय. शिबपूरच्या वनस्पती उद्यानाचा पाया १७८७ मध्ये घालणारे रॉबर्ट किड हेही इथेच आहेत.

मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्ट यांच्या कबरीपाशी पावले थबकतात, कारण ती हिंदू देवळाच्या धर्तीची आहे. रोज गंगास्नान करणारे, मूर्ती जमवणारे आणि गोऱ्या बायकांनी साडी नेसावी असे आवर्जून लिहिणारे स्टुअर्ट ‘हिंदू स्टुअर्ट’ म्हणूनच ओळखले जात. ते १८२८ मध्ये गेले. त्यांनी जमवलेल्या मूर्तींपैकी बऱ्याच आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

पश्चिमेकडे हेन्री डेरोझिओ यांचे स्मारक आहे. सतराव्या वर्षी हिंदू कॉलेजात शिक्षक झालेल्या या कवीने विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला शिकवले. १८३१ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला कॉलऱ्याने ते दगावले. वय बावीस. बंगालच्या नवजागरणाची गोष्ट त्यांच्यावाचून पुरी होत नाही, म्हणून बंगाली माणसे इथे फुले वाहतात.

आणखी एक पाटी बावीस वर्षांच्या तरुणाची आहे, पण तिच्याखाली कोणी नाही. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांचा मुलगा वॉल्टर लँडर डिकन्स १८६३ च्या अखेरच्या दिवशी कोलकात्यात वारला आणि भवानीपूरला पुरला गेला. त्याची शिळा १९८७ मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने इकडे आणली गेली. रोज एल्मरवर कविता करणाऱ्या लँडरचेच नाव डिकन्सने मुलाला दिले होते. त्यामुळे दोन अकाली मृत्यूंच्या या दोन खुणा एकाच भिंतीच्या आत आल्या आहेत, आणि या फेरीतला सर्वांत हृद्य धागा हाच म्हणावा लागेल.

बंगाली वाचकांना ही जागा सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कादंबरीमुळेही परिचित आहे. ‘गोरस्थाने सावधान’मधले रहस्य इथेच सुरू होते.

फेरीला तास-दीड तास पुरतो. हिवाळ्याची सकाळ उत्तम. पावसाळ्यात वाटा शेवाळाने निसरड्या होतात आणि डास फार असतात. कबरींवर चढणे कटाक्षाने टाळावे, कारण गिलावा हाताच्या धक्क्यानेही सुटतो. विटांच्या सांध्यांत रुजलेला पिंपळ वेळीच काढला नाही, तर मुळे घुमट फोडतात. दुरुस्तीला सिमेंटऐवजी चुनाच वापरावा लागतो, कारण सिमेंट ओल आत कोंडते.

रस्त्यापलीकडे नॉर्थ पार्क स्ट्रीट दफनभूमी होती. कादंबरीकार थॅकरेचे वडील तिथे पुरले होते. १९५३ मध्ये ती पाडण्यात आली. आज त्या जागी शाळेच्या इमारती आहेत आणि आवारात रॉबर्टसन घराण्याचे स्मारक तेवढे उभे आहे.