नवोदयला नंबर लागला

खुलताबाद तालुक्यात एखाद्या पोराचा ‘नवोदयला नंबर लागला’ म्हटलं की पुढचं सगळं गावाला कळतं. पोर आता पेटी घेऊन कन्नडला जाणार, बारावीपर्यंत तिथंच राहणार, जेवण, पुस्तकं, गणवेश सरकार देणार. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय कन्नडला आहे. गल्लेबोरगावहून धुळ्याच्या रस्त्यानं पुढं.

1985-86 मध्ये देशात प्रयोग म्हणून पहिली दोनच नवोदय विद्यालयं उघडली. एक हरियाणात झज्जरला, दुसरं आपल्या अमरावतीला. पुढं 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ‘प्रत्येक जिल्ह्याला एक’ असं ठरवलं. पंतप्रधान राजीव गांधी होते आणि शिक्षणाचं खातं पी. व्ही. नरसिंह रावांकडे होतं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सर्वेलला निवासी गुरुकुल उभं करण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

मराठवाड्याला अशा निवासी शाळेची कल्पना अगदीच नवी नव्हती. औरंगाबादचं शासकीय विद्यानिकेतन त्याआधीपासून खेड्यातली हुशार मुलं निवडून शिकवत होतं. पण ते दहावीला संपायचं. खेड्यातल्या मुलाची खरी अडचण तर तिथूनच सुरू होते. शहरात खोली, मेस, अकरावी सायन्सची फी, शिकवणी, हे सगळं कोरडवाहू शेतीतून निघत नाही. दहावीला चमकलेली कितीतरी मुलं अशी वाटेतच थांबली. नवोदयनं सहावी ते बारावी अशी सात वर्षं एकसंध दिली. माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम हेच.

आत गेल्यावर मूल अरवली, निलगिरी, शिवालिक किंवा उदयगिरी यांपैकी एका हाउसचं होतं. शिक्षक आवारातच राहतात, त्यामुळं रात्री अडलेलं गणित सकाळपर्यंत थांबत नाही. आठवीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला नववीत गणित-विज्ञान इंग्रजीतून घ्यावं लागतं. पहिले काही महिने जड जातात. त्याच वर्षी काही मुलं हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयला राहायला जातात आणि तिकडची इकडे येतात. पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर पडणाऱ्या मुलासाठी ते वर्ष पुस्तकांपेक्षा जास्त शिकवणारं असतं.

निदान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश जागा मुलींना. हा दुसरा नियम मला फार मोलाचा वाटतो. मुलीला सातवीनंतर पुढच्या गावच्या हायस्कूलला पाठवायलाही कचरणाऱ्या घरांनी दहा-अकरा वर्षांच्या लेकी कन्नडला ठेवल्या. जागा राखीव नसत्या, तर किती घरांनी हे धाडस केलं असतं?

मुलं नवोदयला पोचण्यात जिल्हा परिषदेच्या गुरुजींचा आणि बाईंचा वाटा मोठा आहे. शाळेच्या वेळेआधी, सुट्टीच्या दिवशी पाचवीच्या मुलांना आकृत्या आणि अंकगणित घोटून घेणारे शिक्षक गावोगाव आहेत. नवोदयची प्रवेश परीक्षा म्हणजे 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास. त्यातही निम्मे प्रश्न बुद्धिमत्तेचे. सहावीची ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. त्या दिवशी पोराला ताप आला, तर नववीत रिकाम्या जागा निघण्याची वाट पाहायची. दहा वर्षांच्या मुलाला हा नियम कठोर आहे आणि तो बदलायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

आता ‘नवोदय स्पेशल’ शिकवण्या निघाल्यात. ज्यांना त्या परवडतात, त्यांची तयारी आधीपासून होते आणि आल्याच्या शेतात राबणाऱ्या मजुराचं पोर मागे पडतं. नवोदय सुरू झालं ते याच पोरासाठी. आत पोचलेल्यांना पुढची वाट थोडी रुंदही झाली आहे. 2007 मध्ये मोहनीश पाबराई यांनी सुरू केलेली दक्षणा संस्था निवडक नवोदय विद्यार्थ्यांना आयआयटी आणि मेडिकलच्या प्रवेश परीक्षांसाठी मोफत तयार करते.

पण सहावीला जागा 80 च, आणि तालुके नऊ. पैठण, वैजापूर, सिल्लोड यांच्यासारख्या मोठ्या तालुक्यांबरोबर खुलताबादच्या लहानशा तालुक्यातली मुलं त्याच 80 जागांसाठी बसतात. जिल्ह्याला दुसरं नवोदय मिळालं पाहिजे, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत लावून धरायला हवी.