कायद्याची अब्रू

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा भाचा चार मित्रांसह गोव्यास जाऊन आला. परततांना त्यानें पणजीच्या एका दुकानांतून दारूच्या दोन बाटल्या घेतल्या, पैसे मोजले, पावती मागून घेतली आणि ती बाटल्यांबरोबरच पिशवींत ठेवली. महाराष्ट्राच्या हद्दीवरील नाक्यावर गाडी अडविण्यांत आली. तेथील अंमलदारानें बाटल्या काढून घेतल्या, मुलांना बराच वेळ दटावलें आणि शेवटीं "चांगल्या घरचे दिसतां, म्हणून सोडतों" असें म्हणून त्यांना जाऊं दिलें. त्या बाटल्यांची कोठें नोंद झाली कीं नाहीं, तें मुलांना समजलें नाहीं.

घरीं आल्यावर त्यानें ही हकीकत आमच्यापासून लपविली नाहीं, याचें मला समाधान वाटलें. तो म्हणाला, "मामा, मीं चोरी केली नाहीं. मोल दिलें, कर दिला, पावती घेतली. सकाळीं जें उघड उघड केलें, तेंच दोन तासांच्या वाटेवर गुन्हा कसें ठरलें? आणि गुन्हा असेल तर 'चांगल्या घरचा' म्हणून मला सोडलें कां?"

आमच्या घरांत दारूस कधीं थारा मिळालेला नाहीं, व तिची वकिली करण्याची मला हौसही नाहीं. भाच्यास मीं त्या खरेदीबद्दल चार शब्द सुनावले, तेही योग्यच होतें. पण त्याचा प्रश्न दारूविषयीं नव्हता. तो कायद्याविषयीं होता. त्याला उत्तर द्यावें म्हणून मीं हा विषय मुळापासून पाहूं लागलों, आणि जों जों पाहत गेलों तों तों माझें उत्तर लंगडें पडत गेलें.

दारूबंदीची मागणी आपल्याकडे परकी नाहीं. १८८० सालीं पुणें नगरपालिकेंत दारूचीं दुकानें वाढूं लागलीं तेव्हां महात्मा फुले यांनीं त्यास लेखी विरोध केला. १९०८ सालीं पुण्यांत गुत्त्यांपुढें उभें राहून लोकांस परतविण्याची जी चळवळ झाली, तिच्या पाठीशीं लोकमान्य टिळक होते. विचारानें दोन टोकांस असलेले हे दोन पुरुष या एका बाबतींत एका बाजूस उभे होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढें बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरांत दारूबंदी सुरू केली. त्या खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः पारशी. तरी पारशी समाजाचा मोठा रोष पत्करून त्यांनीं तो निर्णय अमलांत आणला. स्वातंत्र्यानंतर १९४९ सालीं मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा झाला, आणि १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमानें तर औषधाखेरीज मादक पेयांचें सेवन बंद व्हावें असा प्रयत्न करणें हें राज्याचें कर्तव्यच ठरविलें.

येथवर सर्व सरळ आहे. गुंतागुंत सुरू होते ती यापुढें. हा कायदा इतका व्यापक होता कीं, अल्कोहोल असलेलीं औषधें व अंगास लावावयाचीं सुगंधी द्रव्येंही त्याच्या जाळ्यांत सांपडलीं. एका पारशी गृहस्थानें त्यास आव्हान दिलें, आणि १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बालसारा खटल्यांत कायद्याचा तेवढा भाग रद्द करून बाकीचा कायम केला. नंतर १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचे दोन भाग झाले. कायदा मात्र एकच राहिला. तो दोन्ही राज्यांच्या वाट्यास आला. गुजराथेनें त्याच कायद्याच्या आधारें दारू बंद ठेवली. महाराष्ट्रानें त्याच कायद्याच्या आधारें ती हळूहळू खुली केली. एकाच आईचीं दोन लेंकरें, एक व्रतस्थ आणि दुसरें रंगेल, असा हा प्रकार झाला. आणि व्रतस्थानेंही २०२३ च्या डिसेंबरांत गांधीनगरजवळील गिफ्ट सिटी या व्यापारी वसाहतीपुरतें आपलें व्रत सैल केलेंच.

महाराष्ट्रांत या कायद्याचें आज जें रूप आहे, त्याची पुष्कळ सुशिक्षितांसही कल्पना नसते. नांवानें हा दारूबंदीचाच कायदा आहे. तत्त्वतः या राज्यांत दारू पिणें, बाळगणें व वाहून नेणें यांस मनाई आहे. परवाना असेल तरच ती मनाई उठते. हा परवाना एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजन्म मिळतो, आणि त्याचें शुल्क अगदीं अल्प असतें. परंतु शहरांतील दुकानापुढें संध्याकाळीं जी रांग लागते, तींतील किती जणांच्या खिशांत तो कागद असतो? गिऱ्हाईक मागत नाहीं, दुकानदार विचारीत नाहीं, आणि सरकारी अंमलदार मनांत येईल तेव्हां विचारतो. जो नियम शंभरांपैकीं बहुतेक जण रोज मोडतात आणि ज्याबद्दल एखाद्यालाच, तोही लहर लागली म्हणजे, धरलें जातें, तो नियम राहत नाहीं. तो अंमलदाराच्या हातांतील काठी होतो. माझ्या भाच्याला ती काठी दाखविली गेली, आणि त्याच्या कपड्यांकडे पाहून परत खालीं ठेवली गेली. त्याच्या जागीं एखादा मजूर असता तर काय झालें असतें, हें सांगावयास नको.

वयाची गोष्ट घ्या. गोव्यांत अठराव्या वर्षीं दारू घेतां येते. महाराष्ट्रांत बिअरसाठीं एकविसावें, तर कडक दारूसाठीं पंचविसावें वर्ष लागतें. आपला तरुण अठराव्या वर्षीं मत देतो, एकविसाव्या वर्षीं कायद्यानें गृहस्थाश्रमी होऊं शकतो, आणि पंचविसाव्या वर्षीं विधानसभेच्या निवडणुकीस उभा राहूं शकतो. म्हणजे कडक दारूचा पेला आणि आमदारकीची उमेदवारी यांस कायद्यानें एकच वय ठरविलें आहे. पंचवीस हें वय जास्त आहे असें मी म्हणत नाहीं; माझ्या मतानें तें शहाणपणाचेंच आहे. पण जें वय पाळलें जात नाहीं आणि पाळलें जावें अशी कोणाची खटपटही दिसत नाहीं, त्यापासून तरुण काय शिकतो? कायद्याकडे पाहून डोळा मिचकावावयाचा असतो, एवढेंच तो शिकतो.

अंतराचा नियमही असाच. महामार्गांवरील अपघात पाहून १५ डिसेंबर २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आंत दारूविक्री नको, असा निर्णय दिला. हेतु उत्तम होता. पुढें ३१ मार्च २०१७ रोजीं, वीस हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या गांवांपुरतें तें अंतर २२० मीटर करण्यांत आलें. आतां लोकांची युक्ति पहा. कित्येक राज्य-सरकारांनीं शहरांतून जाणाऱ्या रस्त्यांचा 'महामार्ग' हा दर्जाच काढून घेतला. रस्ता तोच, वाहनें तींच, नांव मात्र निराळें. केरळांतील एका मद्यगृहाच्या मालकानें दाराशीं वळणावळणांची भुलभुलैया उभी केली, म्हणजे चालण्याचें अंतर तेवढें वाढावें! दाराशीं पोंचण्याचा मार्ग लांबला. दार होतें तेथेंच राहिलें. ही गोष्ट वाचून हंसूं येतें. पण मालक हा चक्रव्यूह रचीत होता आणि सरकारें कागदावर रस्त्यांचें नामांतर करीत होतीं, तर दोघांत फरक कोणता, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

विदर्भांत हा विसंवाद अधिक गंभीर रूप घेतो. महात्मा गांधींच्या वास्तव्यामुळें पावन झालेल्या वर्धा जिल्ह्यांत कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे. गडचिरोलींत ती लोकांच्या चळवळीमुळें १९९३ सालीं आली. पण वर्धा नदीच्या पलीकडे यवतमाळांत दारू खुली आहे. वैनगंगेच्या एका तीरावर गडचिरोली, दुसऱ्या तीरावर चंद्रपूर. चंद्रपुरांत १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली आणि २०२१ सालीं ती उठविली गेली. म्हणजे सहा वर्षें एका पुलाचीं दोन्ही टोकें कोरडीं होतीं, आणि आतां पुन्हा एक कोरडें व एक ओलें झालें. नदी ओलांडण्यास कितीसा वेळ लागतो? बंदी उठविणारे म्हणतात, चोरटी दारू वाढली. बंदी मागणारे म्हणतात, अंमलबजावणीच झाली नाहीं. दोघांचेंही म्हणणें खरें असूं शकतें. पण ज्या बाईचा नवरा पूल ओलांडून झिंगत घरीं येतो, तिला या वादांत कोणाच्याच बाजूचा आधार मिळत नाहीं.

हें मी ऐकीव लिहीत नाहीं. आमच्याकडे भांडीं घासावयास येणारी बाई कांहीं वर्षांपूर्वीं दोन दिवसांची रजा मागून गांवीं गेली. गांवांतील दारूचें दुकान बंद करावें कीं नाहीं, याविषयीं तेथें स्त्रियांचें मतदान होतें. २००८ सालच्या सरकारी आदेशाप्रमाणें गांवांतील किंवा प्रभागांतील २५ टक्के स्त्री-मतदारांनीं मागणी केली, तर गुप्त मतदान घेण्यांत येतें. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशीं दोन चित्रें असतात. दुकान बंद व्हावें असें वाटेल तिनें आडव्या बाटलीपुढें खूण करावयाची. आमची बाई परत आली ती खिन्न होऊन. माझ्या पत्नीस म्हणाली, "वहिनी, आम्ही जिंकलों आणि हरलों." ज्या बाया मतदानास आल्या, त्यांतील बहुतेकींनीं आडव्या बाटलीस मत दिलें होतें. परंतु नियम असा कीं, यादींतील एकूण स्त्री-मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतें पडलीं पाहिजेत. यादींत लग्न होऊन सासरीं गेलेल्या मुली होत्या, ऊंसतोडीस परगांवीं गेलेल्या बाया होत्या, आणि वारलेल्या म्हाताऱ्याही होत्या. त्या सर्वांचीं मतें जणूं दुकानदाराच्या पदरांत पडलीं.

वाचकहो, आपला एखादा तरी आमदार या कसोटीवर निवडून आला आहे काय? त्याला झालेल्या मतदानांत एका मताची आघाडी पुरते. आणि गुत्ता बंद करूं पाहणाऱ्या बायांनीं मात्र गैरहजर व मृत यांचाही पराभव करावा!

असें कां होतें, याचें कारण शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. दारूवरील कर हा राज्याच्या तिजोरीचा एक मोठा आधारस्तंभ आहे. वर्षाकांठीं हजारों कोटि रुपये त्यांतून येतात. ज्या खात्यानें दारूचे गुन्हे पकडावयाचे, त्याच खात्यानें दारूचें उत्पन्नही वाढवावयाचें. एका हातीं जपमाळ व दुसऱ्या हातीं तराजू घेतलेल्या माणसाकडून सरळ वागणुकीची अपेक्षा करणें व्यर्थ आहे.

मग उपाय कोणता? सरसकट बंदी करावी कीं सरसकट मोकळीक द्यावी, हा वाद मी येथें घालीत नाहीं. माझी मागणी त्याहून साधी आहे. जो नियम ठेवावयाचा, तो पाळण्यासाठीं ठेवावा. परवाना हवा असेल तर प्रत्येक दुकानांत तो दाखविल्याशिवाय बाटली मिळूं नये. नको असेल तर तो काढून टाकावा. वयाचा निर्बंध योग्य वाटत असेल तर वयाचा दाखला मागावा. स्त्रियांच्या मतदानांत जीं मतें पडतील त्यांचेंच बहुमत धरावें, आणि मतदानापूर्वीं यादी शुद्ध करावी. एखाद्या जिल्ह्यांत बंदी करावयाची तर शेजारच्या जिल्ह्याच्या सीमेवरील दुकानांचाही त्याच वेळीं विचार व्हावा. यांत अशक्य असें कांहींच नाहीं. फक्त कायद्यावर सरकारचा स्वतःचा विश्वास हवा.

भाच्यास मीं शेवटीं काय सांगितलें? मी म्हणालों, "बाळ, कायदा वेडावांकडा असला तरी तो मोडण्याचा हक्क तुला मिळत नाहीं. पण तो सरळ करून मागण्याचा हक्क तुला अठराव्या वर्षींच मिळाला आहे." तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "मामा, मग त्या बाईंच्या गांवांत पुन्हा मतदान होईल त्याच्या आधीं यादी तपासण्यास मी जाईन."

तो खरोखर जाईल कीं नाहीं, हें मला ठाऊक नाहीं. पण बाईनें तें ऐकलें, आणि हातांतलें भांडें खालीं ठेवून गांवचें नांव त्याला पुन्हा एकदां नीट सांगितलें.