मातीचे पृथक्करण आणि गावाचे वाचन : डॉ. हॅरॉल्ड मॅन यांचे जीवितकार्य

मराठी खेड्याचे पहिले पद्धतशीर आर्थिक-सामाजिक चित्र ज्या ग्रंथांनी रेखाटले, त्यांपैकी एका महत्त्वाच्या ग्रंथाचा प्रमुख कर्ता मराठी भाषक नव्हता, आणि तो अर्थशास्त्रज्ञही नव्हता. तो कृषिरसायनज्ञ होता. डॉ. हॅरॉल्ड हार्ट मॅन (१८७२–१९६१) यांचे नाव आज अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र त्यांच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. मातीचे पृथक्करण करणारा शास्त्रज्ञ गावाच्या वाचनाकडे कसा वळला आणि त्या वाचनाचे मराठीतील समकालीन लेखनाशी नाते काय, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

मॅन यांचे प्रारंभीचे काम इंग्लंडमधील वोबर्न येथे, डॉ. व्होल्कर यांच्या हाताखाली झाले. हिंदुस्थानातील शेतीची पाहणी करून १८९३ साली आपला प्रसिद्ध अहवाल सादर करणारे ते हेच व्होल्कर. १९०१ साली सीबम राउंट्री यांनी यॉर्क शहरातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच पद्धतीने मॅन यांनी वोबर्नजवळील रिजमाउंट या खेड्याची पाहणी केली. म्हणजे घरोघर जाऊन जमाखर्च विचारण्याची सवय त्यांना हिंदुस्थानातील गावांच्या पाहणीपूर्वीच जडली होती. १९०० साली ते चहामळेवाल्यांच्या संघटनेचे शास्त्रीय अधिकारी म्हणून आसामकडे आले. जॉर्ज वॅट यांच्यासमवेत त्यांनी चहाच्या झाडावरील किडी व रोग यांवर ग्रंथ लिहिला. १९०७ साली ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे मुंबई इलाख्याचे कृषिसंचालकपद भूषवून १९२७ साली ते निवृत्त झाले, आणि उत्तरायुष्यात पुन्हा वोबर्नलाच संशोधनासाठी गेले.

पुण्यातील त्यांच्या कामाचे दोन विशेष येथे ध्यानात घ्यावे लागतात. पहिला विशेष रसायनशास्त्रीय आहे. व्ही. ए. ताम्हणे यांच्यासह त्यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास केला. तो १९१० साली प्रसिद्ध झाला. कालवा आल्याने ऊस वाढला. परंतु पाट आणि भरमसाट पाणी यांमुळे भूजलाची पातळीही वर आली. काळ्या जमिनीतील सूक्ष्म नलिकांतून ते पाणी पृष्ठभागी चढते, उन्हाने वाफ होऊन उडते आणि विरघळलेले क्षार मागे ठेवते. त्यांपैकी सोडियम मातीच्या कणांची जडण मोडतो. जमीन चिकट, बंद, निचरा न होणारी बनते. शेतकरी तिला चोपण म्हणतो. उपाय खताचा नसून निचऱ्याचा आहे. चर काढून क्षार धुऊन नेल्यावाचून अशी जमीन सुधारत नाही. समृद्धीसाठी आणलेले पाणीच जमीन नापीक करू शकते, हा येथील कटू धडा होय.

हा लेख जयपूर येथे लिहीत असताना त्या धड्याची आठवण वारंवार येते. १९४७ पासून कृषी महाविद्यालय चालत असलेले जोबनेर येथून जवळ आहे, आणि या प्रदेशातही खारे पाणी व खारी जमीन हा शेतीचा नित्याचा प्रश्न आहे. उत्तरेकडील भाषांत अशा जमिनीला ऊसर, कल्लर, तिच्यावरील पांढऱ्या थराला रेह, अशी नावे आहेत. शास्त्राच्या परिभाषेपूर्वीच लोकभाषांनी केलेले हे वर्गीकरण तौलनिक अभ्यासकाने दुर्लक्षू नये. मॅन यांनी ते दुर्लक्षिले नव्हते. १९१२ साली त्यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर भाताच्या रोपवाटिकेतील ‘राब’ पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या इंग्रजी शीर्षकातच हा मराठी शब्द आहे. रोपे टाकण्यापूर्वी वाफ्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून जाळणे ही पश्चिम घाटातील जुनी रीत. राखेने खत मिळते एवढेच तिचे मर्म नाही. उष्णतेने मातीतील अन्नद्रव्ये अधिक विद्राव्य होतात, तणाचे बीही मरते. अडाणीपणा म्हणून हिणवल्या गेलेल्या रीतीला प्रयोगशाळेत प्रश्न विचारावा, ही भूमिका त्या काळी सामान्य नव्हती.

दुसरा विशेष म्हणजे १९१७ साली मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रमालेत प्रसिद्ध झालेला, दख्खनच्या एका खेड्यातील जमीन आणि श्रम यांवरील ग्रंथ. पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर या गावाची ही पाहणी. डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, ताम्हणे हे त्यातील सहकारी. गावाची माती, विहिरींचे पाणी, पिके यांपासून ग्रंथ आरंभतो आणि हळूहळू खातेदारांकडे वळतो. जुन्या दप्तरांच्या आधारे त्याने दिलेला क्रम पुढे अनेकांनी उद्धृत केला : सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा, १८२०–४० या काळात १४ आणि १९१५ च्या सुमारास अवघे ७ एकर. १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे निव्वळ जमिनीवर धडपणे उभी होती; २८ कुटुंबांना बाहेरच्या मजुरीची जोड पुरत होती; उरलेल्या ६७ कुटुंबांचा मेळ कशानेच बसत नव्हता. १९२१ साली कानिटकरांसह प्रसिद्ध केलेल्या जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाच्या अभ्यासातील चित्र याहूनही बिकट आहे.

या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. जुन्या कागदांत एका नावावर नोंदलेली जमीन प्रत्यक्षात किती भाऊबंद कसत असत, हे सरासरीवरून कळत नाही. तथापि निष्कर्षाची दिशा स्पष्ट आहे. दुखणे मातीत असेल म्हणून आलेल्या रसायनज्ञाला ते वाटण्यांत, तुकड्यांत आणि कर्जात सापडले. आपल्या शास्त्राची मर्यादा ओळखून तिच्या पलीकडे पाऊल टाकणे, हे मॅन यांच्या कारकिर्दीचे मर्म मानावे लागेल. पुण्यातील अस्पृश्य वर्गांच्या स्थितीवर १९१२ साली त्यांनी लिहिलेला निबंधही याच वृत्तीची साक्ष देतो.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक विलक्षण योगायोग दिसेल. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. मॅन यांचा ग्रंथ १९१७ चा. दोहोंचा विषय दख्खनचे खेडे. आत्र्यांकडे बलुत्यांची, हक्कांची, मानपानाची समृद्ध बोली आहे. परंतु लेखकाचे रागलोभ आणि वर्गीय दृष्टीही तीत उतरली आहे. मॅन यांच्याकडे कुटुंबवार हिशेब आहे. परंतु कुणब्याचा आवाज कोष्टकात विरून गेला आहे. ज्या संभाषणांतून ते कोष्टक भरले गेले, ती मराठीत झाली असणार. सहस्रबुद्धे आणि कानिटकर यांनी प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि ती इंग्रजी रकान्यांत बसवली. हे भाषांतरच होते; केवळ त्याचे मूळ कोणी जपून ठेवले नाही. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी कुणब्याच्या घरादाराचे केलेले तपशीलवार वर्णन यांच्या शेजारी ठेवले, तर संताप, व्यवस्थावर्णन आणि मोजदाद अशा तीन गद्यरीती एकाच वास्तवाभोवती फिरताना दिसतात. त्यांपैकी एकही दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

पिंपळे सौदागरची पुनर्पाहणी दिसकळकर यांनी केली; ती १९६० साली प्रसिद्ध झाली. मॅन यांचे विखुरलेले सामाजिक लेखन डॅनियल थॉर्नर यांनी संपादित करून १९६७ साली ग्रंथरूप दिले. आज ते गाव पिंपरी-चिंचवडच्या नागरी विस्तारात सामावले आहे. जेथे एकराचे तुकडे मोजले गेले तेथे उंच इमारती आहेत. मोजलेली माती आता दृष्टीआड झाली असली, तरी ती मोजण्यामागचा प्रश्न मावळलेला नाही. ग्रामीण वास्तवाचा विचार करताना आपण कथा-कादंबरीलाच साहित्य मानून अहवाल, पाहणी आणि कोष्टक वगळतो. त्या वगळण्यात सहस्रबुद्धे-कानिटकरांनी ऐकलेली आणि कोठेच न उतरलेली मराठीही वगळली जाते. तिचा माग काढणे, हे तौलनिक साहित्याभ्यासापुढील एक प्रलंबित कार्य आहे, असे वाटते.