खुडूक कोंबडी : घरातलीच हॅचरी

चार-दोन गावठी कोंबड्या नाहीत अशी परसे खेड्यात आजही थोडीच. तालुक्याच्या गावी मोहल्ल्यातही सकाळी खुराडे उघडले की त्या गल्लीभर फिरताना दिसतात. पण त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. अंडी होतील तेवढी खावीत, पाहुणा आला तर कोंबडा कापावा, एवढेच. आणि कोंबडी खुडूक बसली की घरात नाराजी! मग कोणी तिला पाण्यात बुडवून काढते, कोणी तिचा पाय बांधून ठेवते, कोणी नाकात पीस खोचते. हेतू एकच, तिने पुन्हा लवकर अंडी द्यावीत.

आमच्या मते हा हिशेबच चुकीचा आहे. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. वर्षाकाठी तिची अंडी साधारण 50 ते 70 भरतात. फार्मवरची पांढरी लेयर कोंबडी वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. अंड्यांच्या शर्यतीत गावठीचा निभाव लागणे शक्यच नाही. तिची कमाई पिल्लांत आहे, कारण बाजारात गावठी कोंबड्याला ब्रॉयलरपेक्षा चांगला भाव मिळतो आणि तो परसातला दाणा, किडे, खरकटे खाऊन वाढतो. पिल्ले काढण्याचे यंत्र घ्यायचे तर पैसे लागतात, 21 दिवस अखंड वीज लागते. खुडूक कोंबडी मात्र स्वतःच अंडी उबवते, स्वतःच फिरवते आणि पिल्ले निघाल्यावर त्यांना चरायलाही शिकवते.

सुधारित जातींमध्ये हा गुण राहिलेला नाही. बंगळूरची गिरिराजा, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा किंवा ग्रामप्रिया या परसासाठीच तयार झालेल्या जाती आहेत. त्या वजनाने किंवा अंड्यांनी गावठीपेक्षा सरस आहेत, यात शंका नाही. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणून दर वेळी पिल्ले विकत आणावी लागतात. शिवाय या संकरित जाती आहेत. घरच्या वनराजाची अंडी उबवून निघालेली पिल्ले आईबापांसारखी होत नाहीत, पुढच्या पिढीत वजन आणि अंडी दोन्ही घटतात. हे न सांगताच पिल्ले विकणारे काही कमी नाहीत. मध्य प्रदेशातील झाबुआचा कडकनाथ (त्याला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले) ही शुद्ध देशी जात आहे, तिची पिढी घरी चालवता येते. पण कडकनाथ कोंबडीही अंड्यांवर नीट बसत नाही, तिची अंडी गावठीखालीच ठेवावी लागतात. कडकनाथच्या करार योजनांत 2019 साली पश्चिम महाराष्ट्रातील पुष्कळ शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, ते लक्षात ठेवून पक्षी घ्यावा तो पक्षी म्हणून घ्यावा. ‘परत विकत घेऊ’ या वचनावर घेऊ नये.

आता घरच्या कोंबड्यांकडे वळू. ‘आमच्या कोंबड्या पूर्वी मोठ्या होत्या, आता खुजा झाल्या’ अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. त्याचे एक कारण आपल्याच हातात आहे. कळपातला सर्वांत भरदार कोंबडा आधी विकला जातो किंवा कापला जातो, आणि जो कोणी घेत नाही तो किरकोळ कोंबडा मागे राहून पुढच्या पिल्लांचा बाप होतो. वर्षानुवर्षे हेच चालले तर कोंबड्या लहान होणारच. शिवाय तोच कोंबडा आपल्या बहिणींवर व लेकींवर राहिला की अंडी कमी फळतात आणि पिल्ले अशक्त निघतात. म्हणून उत्तम कोंबडा विकण्याआधी राखून ठेवावा, आणि दर वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्या गावातून नवा आणावा. आठ-दहा कोंबड्यांना एक नर पुरतो. नर बदलल्यावर निदान तीन आठवडे अंडी उबवायला ठेवू नयेत, तोवर जुन्या नराचा अंश कोंबडीच्या अंगात असतो.

अंडी मध्यम आकाराची, न तडकलेली, स्वच्छ असावीत, पण धुतलेली नसावीत. कवचावरचा नैसर्गिक थर धुतला की जंतू आत शिरतात. हिवाळ्यात आठवड्यापर्यंतची व उन्हाळ्यात तीन-चार दिवसांतलीच अंडी घ्यावीत, कारण उकाड्यात गर्भ अर्धवट वाढून मरतो. लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते असे सांगतात, त्यात तथ्य नाही. गावठीखाली तिची 10-12 अंडी मावतात. दुसऱ्या जातीची मोठी अंडी असतील तर आठ-नऊच ठेवावीत. तिच्या पोटाखाली न मावणारे अंडे गार पडते, आणि ती अंडी फिरवते तेव्हा दर वेळी वेगळेच अंडे कडेला येऊन सगळ्यांचेच नुकसान होते.

टोपलीत खाली राख किंवा वाळू, वर भाताचा पेंढा घालावा. बसवण्यापूर्वी कोंबडीच्या पिसांत उवा नाहीत ना हे पाहावे. उवांनी त्रासलेली कोंबडी बसल्या जागेवरून उठून जाते. अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात संध्याकाळनंतर तिला बसवावे. दाणापाणी जवळच ठेवावे. दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटे उठते, त्यावेळी हाकलून परत बसवू नये. अंड्यांवर पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मध्येच घातलेले अंडे ओळखता येते. सातव्या दिवशी रात्री टॉर्चवर अंडे धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसल्या तर अंडे फळले आहे, स्वच्छ दिसले तर काढून टाकावे. शेवटचे तीन दिवस टोपलीला हात लावू नये. 21 व्या दिवशी पिल्लू कवचातून उशिरा निघत असेल तरी कवच ओढून काढू नये, रक्तस्राव होऊन पिल्लू दगावते.

दोन कोंबड्या एकदमच खुडूक असतील तर फारच चांगले. दोघींना एकाच दिवशी बसवावे आणि पिल्ले निघाली की रात्री सगळी एकीच्याच पंखाखाली सरकवावीत. दुसरी लवकरच पुन्हा अंड्यावर येते.

खरा तोटा यानंतर होतो. दहा पिल्ले निघाली म्हणून आनंद होतो, आणि दोन महिन्यांनी मोजली तर तीन-चार उरतात. घार, मांजर, मुंगूस, पावसाची झड आणि मानमोडी यांनी बाकीची नेलेली असतात. पहिले तीन-चार आठवडे आई व पिल्ले डालग्याखाली किंवा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली तरी पुष्कळ पिल्ले वाचतात. पाण्याच्या पसरट भांड्यात खडे टाकावेत, नाहीतर पिल्ले बुडतात. नुसत्या कण्यांवर पिल्लू वाढत नाही, त्याला प्रथिने हवीत. थोडे चिक स्टार्टर खाद्य द्यावे, नाहीतर जुनी युक्ती आहेच : मडक्यात ओला पालापाचोळा व शेण भरून वारुळाजवळ पालथे घालावे, रात्रीत वाळवी लागते आणि सकाळी ती पिल्लांपुढे झटकावी.

मानमोडीला, म्हणजे राणीखेत रोगाला, औषध नाही. एकदा शिरला की आठवडाभरात खुराडे रिकामे होते, आणि ज्या विधवा भगिनीचा घरखर्च या आठ-दहा पक्ष्यांवर चालतो तिची वर्षाची शिल्लक जाते. उपाय म्हणजे लस. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, सुमारे चार आठवड्यांनी पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस, तीही जनावरांच्या डॉक्टरांना विचारून. अडचण अशी की कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते, बर्फात ठेवावी लागते आणि कालवल्यावर दोन तासांतच वापरावी लागते. दहा पिल्लांसाठी ती कोण आणणार? म्हणून मोहल्ल्यातल्या दहा-बारा घरांनी आपल्या कोंबड्या एकाच आठवड्यात बसवाव्यात. मग पिल्ले एका वयाची असतात, लस एकदाच थर्मासमध्ये आणता येते आणि खर्च वाटला जातो.

पिल्लांचा वेळही बाजार पाहून साधावा. डिसेंबर-जानेवारीत निघालेली पिल्ले जून-जुलैत तयार होतात. आषाढात गावठी कोंबड्याला मागणी चढते आणि श्रावण लागला की ती उतरते. व्यापारी मोहल्ल्यात येऊन पक्षी हाताने उचलून अंदाजाने भाव सांगतात. घरात एक तागडी असावी, वजन करूनच सौदा करावा.